प्रेडर-विलीचं मूल अठराचं होताना: किचनच्या कुलपापासून कलेक्टर ऑफिसपर्यंत

प्रेडर-विली सिंड्रोम या जन्मजात जनुकीय आजाराचं नाव बहुतेक घरांत पहिल्यांदा ऐकू येतं तेव्हा बाळ अगदी लुळं असतं, दूध ओढत नाही, नळीने पाजावं लागतं, आणि डॉक्टर सांगतात की पुढे याला भूक आवरणार नाही. कोणाला पटणार? पण दोनेक वर्षांनी वजन चढायला लागतं आणि साधारण आठव्या वर्षाच्या आसपास ती भूक येते, पोट भरलं तरी न थांबणारी, कारण मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून 'पुरे' असा निरोपच येत नाही. लहानपणाबद्दल डॉक्टर बरंच सांगतात हो, पण मूल सोळा-अठरा-वीसचं होताना काय करायचं ते सांगणारं कोणी भेटत नाही, म्हणून हे लिहितेय. माझा मुलगा आता पंचविशीत आहे.

आधी जनुकीय तपासणीचा जुना रिपोर्ट काढून बघा, कुठली टेस्ट केली होती ते. साधी कॅरिओटाइप (क्रोमोसोम म्हणजे गुणसूत्रांचा फोटो) नॉर्मल येऊ शकते, फिश टेस्ट फक्त क्रोमोसोमचा गायब झालेला तुकडा पकडते, मिथायलेशन टेस्ट मात्र जवळपास सगळ्या केसेस पकडते. १५ नंबरच्या क्रोमोसोमवरचा वडिलांकडून येणारा एक भाग या मुलांत काम करत नाही. बहुतेकांत तो तुकडाच गायब असतो, साधारण पाव मुलांत दोन्ही १५ नंबर आईकडूनच आलेले असतात. आपलं मूल कुठल्या प्रकारातलं हे जेनेटिक्सवाल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण दुसऱ्या प्रकारात वयात आल्यावर सायकोसिसचं (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचं) प्रमाण जास्त दिसतं. झोप अचानक उडाली, भास व्हायला लागले, एकदम गोंधळल्यासारखा वागायला लागला तर वयच तसं आहे म्हणून बसू नका, त्याच आठवड्यात सायकिॲट्रिस्ट गाठा.

आता किचन. फ्रिजला, फडताळाला, जमलं तर किचनच्या दारालाच कुलूप लावा, आणि मूल मोठं झालं म्हणून ते काढू नका. नातेवाईक म्हणतात, "अगं, एवढ्या मोठ्या मुलाला कुलूप? जेलमध्ये ठेवलंय का त्याला?" त्यांना म्हणू दे. मी इतक्या वर्षांत जे बघितलंय ते असं की कुलूप असलं की मुलगाच निवांत असतो, कारण डबा उघडा आहे का, कोण बघतंय का, हा विचार दिवसभर डोक्यात चालू ठेवायची गरज उरत नाही. त्याच्या बरोबरीने जेवणाच्या वेळा पक्क्या हव्यात आणि ताटात काय येणार ते सकाळीच ठरलेलं हवं. आमच्याकडे फ्रिजवर वहीचं पान चिकटवलेलं असतं: ८ वाजता दोन फुलके आणि भाजी, ११ ला पेरू, १ ला जेवण वगैरे. १ म्हणजे १, पाच मिनिटं उशीर झाला तर तो घड्याळ आणून दाखवतो. पानावर नाही ते मिळत नाही, पानावर आहे ते चुकत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "बघू", "नंतर देते" असं कधीच बोलायचं नाही, एक तर हो नाही तर नाही, कारण "बघू" म्हटलं की पुढचे तीन तास तोच विषय आणि त्यातूनच आदळआपट होते.

या मुलांना कॅलरीज त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा बऱ्याच कमी लागतात, स्नायू कमी असतात ना, त्यामुळे डाएटिशियनकडून आकडा घ्या आणि वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर. काकडी, कोशिंबीर, पातळ ताक याने ताट भरलेलं दिसतं, ते फार कामाला येतं. रोज एक तास चालणं, पावसात जिना.

सणवार म्हणजे खरी परीक्षा. गणपतीत पाच घरी जायचं आणि प्रत्येक घरी प्रसाद, मग दिवाळीचा फराळ, मग लग्नातला बुफे. जायचं बंद करू नका, आधी फोन करून सांगा की प्रसाद माझ्या हातात द्या, त्याच्या नाही. त्याच्या वाटणीचा एक उकडीचा मोदक त्या दिवशीच्या पानावर लिहिलेला असतो, तेवढ्या कॅलरीज दुसरीकडून कापलेल्या असतात. लग्नात ताट आपण वाढून आणायचं आणि बुफेच्या टेबलापासून लांब बसायचं. "एका लाडवाने काय होतंय" म्हणणारी काकू प्रत्येक सोसायटीत असतेच, तिला एकदा घरी बोलावून शांतपणे समजावा, वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, कोपऱ्यावरच्या वडापाववाल्यालाही. लाज वाटते पहिल्यांदा, मग सवय होते.

मोठेपणी आणखी एक दार उघडतं ते म्हणजे मोबाईल. पोरगं स्मार्ट असतं, यूपीआयचा पिन बघून ठेवतं, आणि तुम्ही अंघोळीला गेलात की दारात पिझ्झा. त्याच्या फोनवर पैसे भरायचं ॲप नको, तुमच्या फोनचा पिन त्याच्यासमोर टाकू नका, आणि खिशात रोख पैसेही मोजकेच, तेसुद्धा हिशोब ठरवून. ही चोरी आहे म्हणून मारू-ओरडू नका, काही उपयोग नसतो.

दवाखान्यासाठी एक कागद लॅमिनेट करून पाकिटात ठेवा, कारण कॅज्युअल्टीमधल्या डॉक्टरने हा सिंड्रोम पाहिलेला असेलच असं नाही. त्यावर लिहा: दुखणं कमी जाणवतं, त्यामुळे फ्रॅक्चर असूनही तो चालत येईल. इन्फेक्शन असूनही ताप येईलच असं नाही. या लोकांना उलटी सहसा होत नाही, त्यामुळे उलटी, पोट फुगणं किंवा भूक अचानक जाणं (हो, भूक जाणं!) हे गंभीर समजा, कारण एकदम खूप खाल्ल्यावर पोटाला इजा होऊन जिवावर बेतू शकतं. भूल देताना श्वासावर लक्ष हवं. याशिवाय वर्षातून एकदा शुगर, थायरॉइड, पाठीचा कणा, हाडांची घनता आणि झोपेतला श्वास, एवढं तपासून घ्या. सेक्स हॉर्मोन्स बहुतेकांत कमी असतात, एंडोक्रायनॉलॉजिस्टशी तो विषय मोकळेपणाने काढा, हाडांचाही प्रश्न असतो. या मुलांना वाढीसाठी ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं देतात, त्याचा खर्च झेपत नसेल तर २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात प्रेडर-विलीसाठीच्या ग्रोथ हॉर्मोनचा समावेश आहे, मुंबईचं केईएम हॉस्पिटल त्याचं एक केंद्र आहे, तिथे चौकशी करा. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये या भुकेवरच्या पहिल्या औषधाला, डायझॉक्साइड कोलिनला, मंजुरी मिळाली. त्याचे फॉरवर्ड येत राहतात, पण डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बाहेरून काही मागवू नका.

कागदपत्रांची सुरुवात सोळाव्या वर्षी करा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात प्रेडर-विली नावाने नाही. आपल्या मुलांना दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट मिळतं ते बौद्धिक अक्षमतेखाली, आयक्यू आणि रोजच्या वागण्याच्या चाचणीवर. गोम अशी की यातल्या बऱ्याच मुलांचा आयक्यू सत्तरच्या आसपास असतो, गप्पा मस्त मारतात, आणि सर्टिफिकेट देणाऱ्या मेडिकल बोर्डासमोर इतकं गोड बोलतात की तपासणारा म्हणतो याला काय झालंय. म्हणून शाळेचं पत्र, सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट आणि जेनेटिक्सच्या डॉक्टरांचं पत्र, ज्यात जेवणाबाबत सतत देखरेख लागते असं स्पष्ट लिहिलंय, ही फाइल घेऊनच जा. अठराव्या वर्षी नव्याने तपासणी होते आणि तेव्हाचं सर्टिफिकेट कायमचं असतं, त्यामुळे ती फेरी हलक्यात घेऊ नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, त्यावरच निघतं.

अठरा पूर्ण झाले की कायद्याने तुम्ही पालक राहत नाही, बँक तसं तोंडावर सांगते. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज करायचा, तो जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, जिचे अध्यक्ष कलेक्टर असतात. हा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच आहे, म्हणजे सर्टिफिकेटवर काय लिहिलंय यावर सगळं अडतं. पालकत्व मिळाल्यावर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. याच ट्रस्टची निरामय योजना घ्या, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. आईवडिलांपैकी कोणी सरकारी नोकरीत असेल तर फॅमिली पेन्शनसाठी मुलाचं नाव आत्ताच ऑफिसात नोंदवून घ्या, आपल्यामागे धावपळ करणारं कोणी नसतं. घर थेट त्याच्या नावावर करू नका, वकिलाकडून मृत्युपत्र आणि ट्रस्ट करून घ्या, आणि धाकट्या भावंडाला "तूच बघायचंस" असं गृहीत धरू नका, त्याला विचारा, आणि नाही म्हणायचीही मुभा ठेवा.

काम हवंच, रिकामा बसला की खाणं आठवतं. पाकिटं करणं, फाइली लावणं, झाडांना पाणी, असं ठरावीक आणि एकसारखं काम ही मुलं चिकाटीने करतात. अशा मुलांना काम देणारं वर्कशॉप बघताना खाद्यपदार्थांचं युनिट असेल तर नको, आणि इतरांचे डबे कुठे ठेवतात ते जाऊन बघा.

राहण्याची सोय शोधायला तुमच्या पन्नाशीतच लागा. बदलापूरच्या आधारसारख्या, पालकांनीच उभ्या केलेल्या संस्था बघून या. जेवणाच्या वेळी जा आणि विचारा: किचनला कुलूप लावता का, भेटायला येणारे खाऊ आणतात तो कोणाच्या ताब्यात जातो, रात्री ड्युटीवर कोण असतं, वजन कोण आणि कधी करतं. आधी पंधरा दिवस ठेवून बघता येईल का तेही विचारा, वेटिंग लांब असतं म्हणून नाव आत्ताच लावून ठेवा.