केमो चालू असताना मूल गळून जातं तेव्हा घरी काय करावं?

कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या मुलाला भेटायला आलेले पाहुणे हमखास सांगतात, "पडू द्या त्याला, आराम हेच औषध." पंधरा दिवसांनी तेच म्हणतात, "आता ऊठ की रे, किती लोळशील?" या दोन्ही सल्ल्यांनी मुलाचं नुकसान होतं.

हा थकवा झोपेनं उतरत नाही. खेळून दमलेलं पोर तासाभरात पुन्हा उड्या मारतं. केमोतलं मूल दहा तास झोपून उठलं तरी केस विंचरायला हात वर धरवत नाही म्हणतं. ते खरंच सांगत असतं. त्याचं रक्त कमी झालेलं असतं, औषधांनी अंगातलं त्राण गेलेलं असतं, तोंड आल्यानं जेवण तुटलेलं असतं, रात्रीची झोप मोडलेली असते. त्यात भीती असते. शिवाय नुसतं पडून राहिल्यानं स्नायू झिजतात आणि थकवा आणखी वाढतो. हे शेवटचं कारण पुष्कळसं आपल्या हातात असतं.

आधी एक वही घाला. सकाळ, दुपार, संध्याकाळ मुलालाच विचारा: ० म्हणजे एकदम ताजं, १० म्हणजे उठवतच नाही, तर आत्ता किती? लहानग्यांसाठी हसऱ्यापासून रडव्यापर्यंत पाच चेहरे काढा आणि बोट ठेवायला सांगा. शेजारी केमोची तारीख, झोप आणि खाणं लिहा. केमोच्या दोन-तीन सायकलींत (फेऱ्यांत) कोणते दिवस वाईट जातात ते दिसू लागतं. बऱ्याच औषधांनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान काऊंट (रक्तातल्या पेशींची संख्या) सर्वांत खाली जातात. स्टेरॉइडच्या गोळ्यांच्या दिवसांत भूक आणि चिडचिड वाढते, झोप उडते. हे कळलं की वाढदिवस, मित्रांची भेट, चाचणी परीक्षा बऱ्या दिवसांवर टाकता येते. डॉक्टरांनाही "फार थकतो हो" यापेक्षा "मंगळवारपासून ८ सांगतोय" याचा जास्त उपयोग होतो.

मग थकव्याआड दुसरं काही नाही ना, ते पाहा. जेवायला मांडी घालून बसलेलं मूल उठताना दोन्ही हात टेकतं का? स्टेरॉइडनं मांड्यांची ताकद कमी होते. चालताना चप्पल पायातून निसटते, पाऊल घासतं? व्हिन्क्रिस्टिन या औषधानं पायाच्या नसांवर परिणाम झाल्याची ती खूण असू शकते. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगा, फिजिओथेरपीचा उपयोग होतो. तोवर जेवायला खुर्ची द्या.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, धाप लागली, अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले, हाक मारूनही नीट जाग येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता असलं तरी हॉस्पिटलला फोन करून निघा. तापाची गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

हालचाल रोज हवी, पण थोडी. मुलांच्या या थकव्यावर अभ्यासात उपयोगी ठरलेल्या उपायांत व्यायाम अगदी वरचा आहे. डॉक्टरांना विचारून पाच मिनिटांपासून सुरुवात करा: ओसरीत फेऱ्या, पलंगावर बसून पाय हलवणं, आवडीच्या गाण्यावर हात वर-खाली. हे दिवसातून दोन-तीनदा करा आणि झेपेल तसं मिनिट-दोन मिनिटं वाढवा. काऊंट बरे असतील तर आपल्या सोलापुरात उन्हं उतरल्यावर सिद्धेश्वर तलावाच्या काठानं चक्कर मारता येते. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत मात्र काऊंट कमी असताना नेऊ नका, पोरानं कितीही हट्ट केला तरी. ताप असेल किंवा प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) फार कमी असतील त्या दिवशी विश्रांतीच.

ताकद कशावर खर्चायची ते मुलाला ठरवू द्या. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं. अंघोळ, कपडे, पाहुण्यांशी बोलणं यातच ताकद संपली, तर कॅरमचा एक डाव खेळायलाही काही उरत नाही. अंघोळ स्टुलावर बसून घाला. पाहुण्यांना दहा मिनिटांत उठवा. वाईट वाटलं तर वाटू द्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला "आज काय करावंसं वाटतंय?" असं विचारा आणि ती सांगेल तेच आधी होऊ द्या. उपचारांत इतर कशावरच तिचा ताबा नसतो.

रात्रीची झोप जपा. दुपारची डुलकी अर्ध्या-पाऊण तासाची, तीही चारच्या आत. स्टेरॉइडची संध्याकाळची गोळी थोडी लवकर दिली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. सोलापूरच्या पूर्व भागात शेजारच्या यंत्रमागाची खडखड रात्रभर चालते; मुलाचं अंथरूण भिंतीपासून दूर, मागच्या खोलीत हलवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ठेवूच नका.

जेवण थोडं थोडं, पाच-सहा वेळा. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, मुगाची खिचडी, पूर्ण शिजवलेलं अंडं, शेंगदाण्याचा लाडू. तोंड आलं असेल तर शेंगाचटणी काही दिवस बंद. बीट-डाळिंब खुशाल द्या, पण केमोत रक्त कमी होतं ते मुख्यतः हाडांतली रक्त तयार करणारी मज्जा (बोन मॅरो) दबल्यानं. ते रसानं किंवा लोहाच्या टॉनिकनं भरून येत नाही, गरज पडली तर रक्तच चढवावं लागतं. ताकदीची पावडर, काढा, व्हिटॅमिन काहीही विचारल्याशिवाय देऊ नका. फॉलिक अ‍ॅसिड असलेलं टॉनिक मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाच्या कामात अडथळा आणू शकतं.

प्रवासाचा थकवा हिशेबात धरा. उपचारांसाठी बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जायचं तर भर उन्हातली एसटी टाळा. मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर जाऊन थेट ओपीडीच्या रांगेत उभं राहणं मोठ्यांनाही झेपत नाही. एकानं रांग धरावी, दुसऱ्यानं मुलाला आडवं करावं. परतल्यावरचा दिवस रिकामा ठेवा. उपचारांसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत सवलत मिळते. तिचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या.

उपचार संपले की लगेच पूर्ण वेळ शाळेत धाडू नका. अर्धा दिवस, शेवटच्या बाकाऐवजी दाराजवळचं बाक, मैदानातून सूट, हे वर्गशिक्षकांशी आधीच बोलून ठरवा. काही मुलांचा थकवा पुढे कित्येक महिने रेंगाळतो. फॉलोअपला तो विषय तुम्हीच काढा, म्हणजे थायरॉइड, हृदय किंवा मनाची उदासी तपासायची का, हे डॉक्टर ठरवतील.