मृगाआधी उभी राहायला हवी अशी लाकडी खोपी

कोकणातल्या बागेत अवजारं आणि खत ठेवायला ८ फूट बाय ६ फुटांची खोपी बांधायची, तर लाकूड दिवाळीलाच चिरून घ्या. कौलं मे महिन्याच्या मध्यापर्यंत चढायला हवीत, आणि १ इंची फळ्या सावलीत वाळायला चार-पाच महिने लागतातच. थप्पीत दर २ फुटांवर आडव्या पट्ट्या घाला, नाहीतर फळ्या आतून बुरशी धरतात. स्वतःच्या जमिनीतला साग, ऐन किंवा किंजळ तोडायचा असेल तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी आधी काढा. खांबांना साग, तुळया-वाशांना ऐन-किंजळ; आंबा पेट्यांपुरताच ठीक. घेताना कापलेलं टोक बघा. कडेचा पांढरट भाग जास्त असेल तर सागालाही वाळवी लागते.

जोतं चिऱ्याचं, दीड फूट उंच. खांब ६, ४ बाय ४ इंची. ते मातीत गाडू नका, सिमेंटातही नको: लाकूड आकसतं, भोवती फट पडते, पाणी त्या फटीतून बुडाशी उतरतं आणि तिथेच मुरतं. वरून खांब धडधाकट दिसतो, पण जमिनीलगत चाकू सहज आत जातो. त्यापेक्षा जोत्यात गॅल्वनाइज्ड लोखंडाची यू पट्टी बसवा आणि बुडखा इंचभर उचलून बोल्टाने धरा. बसवण्याआधी तो रात्रभर अळशीच्या तेलात उभा ठेवा, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकाकडूनच पितं. जोत्याला टेकून सरपण रचू नका. वाळवीची मातीची नळी वर चढताना दिसली पाहिजे.

छपराला उतार ३० अंश, म्हणजे आडव्या फुटाला ७ इंच. वळचण चहूबाजूंनी २ फूट बाहेर. या मापाला माथ्यावरचं १२ फुटी आढं, ६ फुटी १४ वासे, फूटतूट धरून २१० मंगलोरी कौलं आणि १३ कोनं (आढ्यावरची कौलं) लागतील. कौलं ज्यांवर टेकतात त्या रिपांचं अंतर ऐकीव मापावर ठरवू नका. आणलेलीच पाच-सहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून मोजा. कौलांचा भार अर्ध्या टनाच्या घरात जातो, तेव्हा कोपऱ्यांत तिरके आधार हवेतच. कडेच्या ओळी तारेने रिपांना बांधा. दार त्रिकोणी भिंतीत ठेवा: लांबीच्या बाजूंना ७ फुटी खांबांवरून वळचण १४ इंच खाली येते, तिथे बाहेर उघडणारं दार वर अडकतं.

फळ्या उभ्या लावा, प्रत्येकीला खिळे मधोमध एकाच रेषेत. दोन्ही कडा जखडल्या तर पावसात फुगलेली फळी पुन्हा आकसताना चिरते. सांध्यावरची पट्टी एकाच फळीला ठोका. ऐनात आधी भोक पाडा. समुद्राजवळ खिळे स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे खिळे गंजून सुटतात.