गर्भारपणातील मधुमेह: या चुका टाळा

गरोदर स्त्रियांना आहाराविषयी सल्ला देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे आणि एवढ्या काळात नवीन चूक क्वचितच पाहायला मिळाली आहे; चेहरे तेवढे बदलतात.

माझा सर्वांत जास्त राग आहे तो साखरेच्या चाचणीला परीक्षा समजून तिची तयारी करण्यावर. चाचणी अगदी साधी असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलीटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० किंवा त्याहून अधिक आला, तर गर्भारपणातील मधुमेह आहे असे धरतात. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत त्यासाठी उपाशीपोटी येण्याचीही गरज नसते. तरीही सव्विसाव्या आठवड्यात आलेल्या एका शिक्षिकेने, मोठ्या जावेच्या सल्ल्यावरून, चाचणीपूर्वी आठ दिवस भात, पोळी आणि फळे पूर्ण बंद केली होती. आकडा आला १४९. "मी तर काहीच खाल्लं नव्हतं हो," असे म्हणत ती माझ्यासमोर रडू लागली आणि घोटाळा नेमका तिथेच होता, कारण पिष्टमय पदार्थांची सवय मोडलेल्या शरीराला एकदम ७५ ग्रॅम ग्लुकोज दिले, तर ते त्याला नीट पेलत नाही आणि आकडा उलट वर जाऊ शकतो. अर्थात तो रिपोर्ट खोटा ठरवून कोणी फेकून दिला नाही. नेहमीचे जेवण सुरू करून आठवडाभर तिने दिवसातून चार वेळा, म्हणजे एकूण अठ्ठावीस वेळा, बोट टोचून घेतले. जेवणानंतरचे आकडे ११५ च्या आत राहिले, तरीही डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत तिच्यावर लक्ष ठेवले. सुनेला आदल्या आठवड्यात रोजच्यासारखे जेवू द्या, एवढेच मी आता प्रत्येक सासूबाईंना बजावून सांगते.

ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर ते लपवू नये. चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते. पहिल्या तपासणीत आकडा चांगला आला म्हणून २४ ते २८ आठवड्यांमधली दुसरी चाचणी टाळणे हा निव्वळ आळस आहे, कारण वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध त्याच सुमारास जोर धरतो.

दुसरी माझी आवडती, म्हणजे नावडती, चूक घरच्या ग्लुकोमीटरची. एका मे महिन्यात रात्री नऊ वाजता फोन आला की आकडा २४३ आहे, रात्रीचे जेवण रद्द करू का? चौकशी केल्यावर कळले की बाईंनी नुकतेच घरच्यांसाठी आंबे चिरले होते. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासायला लावले, तर आकडा आला १०९. सॅनिटायझरने बोटावरचा आंब्याचा रस जात नाही. त्याला साबण आणि पाणीच हवे. मोजणीचे दोन तासही पहिल्या घासापासून धरावेत, हात धुतल्यापासून नव्हे. काही जणी वहीत सुंदर, गोल आकडे लिहून आणतात. म्हणून मी वहीऐवजी यंत्रच मागते, त्याच्या स्मृतीत सगळे साठलेले असते.

"साखर सोडली, आता गुळाचं खाते" या वाक्याला उत्तर देऊन मी थकले आहे. रक्ताला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी तर जवळजवळ निव्वळ पिष्टच आहे. दुसरी चाचणी आणि डोहाळजेवण साधारण एकाच सुमारास येतात, त्यामुळे पंगतीतल्या आग्रहापुढे पथ्य टिकत नाही. त्या दिवशी गोडाचा एकच पदार्थ, तोही जेवणासोबत आणि अर्धी वाटी, एवढी सूट मी देते. मात्र त्याची भरपाई म्हणून रात्री उपाशी झोपलेले मला चालत नाही.

इन्सुलिनची भीती मला समजते, पण इंजेक्शन टाळण्यासाठी निम्मे जेवण सोडून देणाऱ्या उतावळ्या मुलींचे काय करावे, हे अजून समजलेले नाही. आधी साधारण दोन आठवडे आहार सांभाळून पाहतात आणि जेवणानंतर दोन तासांचा आकडा तरीही १२० च्या खाली येत नसेल, तर औषध किंवा इन्सुलिन सुरू करतात. आईची वाढलेली साखर वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचते, इन्सुलिन मात्र जवळजवळ पोहोचत नाही. त्यामुळे बाळाला धोका इंजेक्शनचा नसून ते टाळण्याचा आहे.

बाळंतपणानंतर साखर उतरली की बहुतेक जणी हा विषय मिटवून टाकतात. प्रत्यक्षात सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायची असते, कारण अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते. बाळाची दीड महिन्याची लस कोणी विसरत नाही, म्हणून त्या कार्डावर त्याच तारखेपुढे मी लाल शाईने "आईची साखर" असे लिहून देते.