महाडीबीटीचा अर्ज भरला, पैसे का येत नाहीत? सोलापुरातल्या मुलांनो, या चुका टाळा

महापालिकेच्या किंवा अनुदानित प्रशालेतून दहावी-बारावी होऊन पोरगं पॉलिटेक्निकला, अभियांत्रिकीला किंवा साध्या बी.कॉम.ला लागतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्जही भरतं. वर्ष उलटलं तरी पैसे आले नाहीत की घरात एकच निकाल लागतो, 'आपल्याला बसत नाही.' बहुतेक वेळा बसत असतं. अडलेलं असतं आधारवरच्या एका अक्षरापाशी, बँकेच्या मॅपिंगपाशी, नाहीतर कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनमध्ये. अर्ज भरायला तासभर पुरतो. खरं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं असतं, आणि ते कुणी सांगत नाही.

नावाचं स्पेलिंग

सोलापुरात हा घोळ जरा जास्तच आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या. घरात नाव एका भाषेत, दाखल्यावर दुसऱ्या भाषेत, आणि इंग्रजीत ज्याने टाइप केलं त्याच्या मर्जीने. व्यंकटेशचं स्पेलिंग आधारवर व्ही-ईने सुरू होतं आणि गुणपत्रिकेवर व्ही-वायने. शहराच्या पूर्व भागातल्या अनेक घरांत आधारवर आडनाव आधी, कधी आडनावाचं नुसतं आद्याक्षर, तर बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा पूर्ण क्रम. महाडीबीटी प्रोफाइलमधलं नाव आधारवरून उचलतं आणि कॉलेजचा क्लार्क ते गुणपत्रिकेशी ताडून पाहतो. जुळलं नाही की अर्ज परत.

दहावीची गुणपत्रिका हाच पाया धरा आणि आधार तिच्याप्रमाणे करून घ्या. उलटं करायला जाऊ नका, कारण बोर्डाकडची दुरुस्ती शाळेमार्फत जाते आणि रखडते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईत अर्धवट दुरुस्ती करू नका. त्याच फेरीत मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातला आहे ना, हे बघा. वयाच्या पंधराव्या वर्षानंतरचं बोटांचे ठसे, बुबुळं आणि फोटो यांचं सक्तीचं अद्ययावतीकरण राहिलं असेल तर तेही उरकून घ्या. ते राहिलं की पुढे ई-केवायसीला आणि चेहरा पडताळणीला अडचण येते.

आणखी एक. नेट कॅफेत नोंदणी करताना कॅफेवाल्याचा नंबर टाकू देऊ नका. पुढची तीन-चार वर्षं प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पासवर्ड विसरलात की संपलं.

'खातं आधारला लिंक आहे' म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, पासबुकावर शिक्का बसला, म्हणजे केवायसी, नुसती ओळख पटवणं, झालं. सरकारी पैसे ज्या वाटेने येतात ती वेगळी आहे. बँकांमधली पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयच्या नकाशात (यालाच मॅपिंग म्हणतात) तुमच्या आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं, आणि ते शेवटी जोडलेल्या बँकेचं असतं. अर्जात तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिलात याच्याशी आधारवरून होणाऱ्या पेमेंटला काही देणंघेणं नाही.

म्हणून असं घडतं: मुलाचं खातं राष्ट्रीयीकृत बँकेत. मधल्या काळात मोबाइलच्या दुकानात कुणीतरी 'शून्य रुपयात खातं' म्हणून पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलं आणि अंगठा घेतला. मॅपिंग तिकडे गेलं. महाडीबीटी म्हणतं रक्कम वितरित झाली, पासबुक कोरं. पैसे बुडालेले नसतात, विसरलेल्या खात्यात पडून असतात.

तपासायला पाच मिनिटं लागतात. आधारच्या 'माय आधार' संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे आधारला कोणती बँक जोडली आहे ते, उघडा. बँकेचं नाव आणि शेजारी 'ॲक्टिव्ह' दिसलं पाहिजे. 'इनॅक्टिव्ह' असेल किंवा भलतीच बँक असेल, तर हव्या त्या बँकेच्या शाखेत जा आणि 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग' असं स्पष्ट लिहिलेला फॉर्म भरा. काउंटरवर नुसतं 'आधार लिंक करा' म्हणालात तर पुन्हा केवायसीच होईल.

खात्याचा प्रकारही बघा. केवायसीशिवाय उघडलेल्या 'स्मॉल' खात्यात शिल्लक ५०,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही आणि वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. अभियांत्रिकीची फी एकरकमी आली तर ती तिथून परत फिरते. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय करते, त्यामुळे शाळेत असताना गणवेशाच्या पैशांसाठी काढलेलं खातं एकदा शंभर रुपये भरून-काढून जिवंत आहे का ते पाहा. आणि अठरा पूर्ण झाली असतील तर अज्ञान (अल्पवयीन) खात्याचं सज्ञान खातं करून घ्या.

दाखले

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. शहर असलं तरी तुमचा भाग उत्तर सोलापूरकडे येतो की दक्षिणकडे, हे सेतूत जाण्याआधी विचारून घ्या. दाखल्यावर वैधतेची तारीख असते आणि ती बहुधा ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीचा दाखला चढवून अर्ज परत येणं हे दरवर्षीचंच. यंत्रमाग कारखान्यात आठवड्याच्या पगारावर काम करणाऱ्यांकडे पगारपत्रक नसतं. तिथे स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याचा अहवाल यांवर काम होतं. मात्र आई विड्या वळत असेल तर तिचंही उत्पन्न धरायचं असतं. दाखल्यावरचा आकडा आणि अर्जातला आकडा रुपयाचाही फरक न पडता जुळला पाहिजे. नॉन-क्रीमीलेअरसाठी तीन वर्षांचं उत्पन्न पाहतात, तेव्हा दाखला तीन वर्षांचाच मागा, म्हणजे दुसरी खेप वाचते.

जातीच्या दाखल्याचं काम दहावीच्या सुट्टीतच सुरू करा. पुरावा मानीव दिनांकाच्या, म्हणजे प्रत्येक प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीचा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७. गिरण्या-मागांच्या निमित्ताने तेलंगणातून आलेल्या कुटुंबांचं घोडं इथेच अडतं, कारण त्या तारखेआधी महाराष्ट्रात राहत असल्याचा कागद लागतो. आजोबा किंवा चुलत आजोबा सोलापुरात शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हा सगळ्यात चांगला पुरावा. महापालिकेची शाळा बंद झाली असली तर रजिस्टर महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या ताब्यात आहे का, याची लेखी विचारणा करा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात पडताळणी प्रमाणपत्रही हवं. बारावी विज्ञानला असतानाच कॉलेजच्या पत्रासह समितीकडे अर्ज टाका. प्रवेशाच्या आठवड्यात टाकलेल्या अर्जाची पावती मिळते, प्रमाणपत्र नाही.

चुकीची योजना निवडणं

पद्मशाली, साळी, कोष्टी या समाजांची मुलं महाडीबीटीवर बिनदिक्कत 'ओबीसी' निवडतात. राज्याच्या यादीत ते विशेष मागास प्रवर्गात, म्हणजे एसबीसीत आहेत. प्रोफाइलमध्ये प्रवर्ग चुकला की योग्य योजना पडद्यावर दिसतच नाही आणि मुलगा समजतो की आपल्यासाठी काही नाही. केंद्राच्या पोर्टलवर मात्र एसबीसी हा प्रवर्गच नाही, त्यामुळे तिथे काय निवडायचं ते तुमच्याकडच्या केंद्रीय दाखल्यावरून ठरतं.

मुलींच्या मोफत शिक्षणाबद्दल अर्धवट ऐकून निर्णय घेऊ नका. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत १०० टक्के शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत. पण प्रवेश केंद्रीभूत (कॅप) फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर मिळत नाही, खासगी अभिमत विद्यापीठातही नाही. आणि माफ होते ती शिक्षण व परीक्षा फी. विकास शुल्क भरावं लागतं, म्हणून फीच्या पावतीत रकमा वेगवेगळ्या दाखवायला सांगा.

डिप्लोमा किंवा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती वेगळी आहे, वर्षाला ५०,००० रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायची, महाडीबीटीवर शोधू नका. बारावीला बोर्डात आपल्या शाखेच्या वरच्या २० टक्क्यांत असाल आणि उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर त्याच पोर्टलवर केंद्रीय क्षेत्र योजना आहे: पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये. साध्या बी.ए., बी.एस्सी.च्या हुशार मुलांना ही सहसा कुणी सांगत नाही.

आता विडी कामगारांच्या मुलांची योजना. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीपासून अशोक चौकापर्यंत घरोघरी विडी कामगाराचं ओळखपत्र असतं, पण ते दवाखान्यापुरतंच वापरलं जातं. श्रम मंत्रालयाची मदत अकरावी-बारावीला ३,०००, आयटीआय, पॉलिटेक्निक आणि पदवीला ६,०००, व्यावसायिक पदवीला २५,००० रुपये अशी आहे. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवरच. चुका ठरलेल्या: ओळखपत्रावर आईचं माहेरचं किंवा हाकेचं नाव, आधारवर सासरचं, किंवा ओळखपत्र आजीचं, आणि अर्ज नातवाचा. आधी आईच्या ओळखपत्रावरचं नाव विडी कामगारांच्या कल्याण दवाखान्यातून दुरुस्त करा, मग अर्ज.

आणि दोन्हीकडे भरून ठेवू नका. एका वर्षात एकच शिष्यवृत्ती चालते. विडीची ६,००० घेऊन महाडीबीटीवरची पूर्ण फी सोडणं हा तोट्याचा व्यवहार आहे. कॉलेजकडून फीचा आकडा घ्या, कागदावर दोन्ही मांडा, मग ठरवा.

अनुसूचित जातीचा मुलगा पुण्याला शिकायला जातोय आणि शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, तर स्वाधार योजनेत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. वसतिगृहाचा अर्जच केला नव्हता, असं होऊ देऊ नका.

अर्ज भरताना

वसतिगृहाचा रकाना लोक रिकामा सोडतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीच्या अभियांत्रिकी पदवीच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात राहत असेल तर निर्वाह भत्ता वर्षाला १३,५००, घरून येत असेल तर ७,०००. एका क्लिकला ६,५०० रुपये जातात.

कागदपत्रांची फाइल १५ ते २५६ केबीमध्ये बसवावी लागते. फोनचा फोटो तीन-चार एमबीचा असतो, मग तो व्हॉट्सॲपवर पाठवून लहान करतात आणि शिक्का वाचता येत नाही. स्कॅनर ॲपने काळं-पांढरं पीडीएफ करा, त्यात बारकोड स्वच्छ येतो. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडा, नाहीतर अर्ज हमखास परत.

'सबमिट' झालं, पुढे?

अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग जिल्हा कार्यालयात जातो. अर्जाची प्रिंट आणि कागदांचा संच क्लार्ककडे दिल्याशिवाय अनेक कॉलेजांत पहिलं टेबलच हलत नाही. 'मुदतवाढ मिळतेच की' या भरवशावर राहू नका. विद्यार्थ्याची मुदत वाढते तेव्हा कॉलेजच्या छाननीची वाढेलच असं नाही. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करा. 'सेंड बॅक' दिसलं तर शेरा वाचा, तेवढीच दुरुस्ती करा, पुन्हा सबमिट करा. काही मुलं दुरुस्ती करतात आणि सबमिटचं बटण दाबतच नाहीत.

मंजूर झाल्यावर डॅशबोर्डवर 'रिडीम' दिसत असेल तर ते दाबावं लागतं. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के हिस्सा वेगवेगळ्या दिवशी येतो, त्यामुळे कमी रक्कम आली म्हणून लगेच तक्रार करू नका. मात्र त्या रकमेत फी असेल तर ती कॉलेजात भरून पावती घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी परीक्षा फॉर्मच्या वेळी थकबाकी काढून दाखवतात आणि घरात तोवर पैसे खर्च झालेले असतात.

दुसऱ्या वर्षी नवीन नोंदणी करायची नाही. जुन्याच लॉगिनमधून नूतनीकरण करायचं. पासवर्ड हरवला म्हणून नवं खातं काढलं की एकाच आधारवर दोन प्रोफाइल तयार होतात आणि दोन्ही अडकतात. एटीकेटी असली तरी पुढच्या वर्गात प्रवेश मिळालेला असेल तर अर्ज भरा, गुणपत्रिका जशी आहे तशी चढवा. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली असेल, तर अर्जाआधी वर्गशिक्षकांना भेटा, नंतर नाही.