श्रद्धेने घरी बाळंतपण: ‘निघा’ कधी म्हणायचं, हे आधीच ठरवा

श्रद्धेपोटी घरीच बाळंतपण करणाऱ्या घरांत घात प्रार्थनेने होत नाही. ‘काहीही झालं तरी डॉक्टर नको’ हे आधीच ठरलेलं असतं आणि ऐन वेळी ते मोडायची मुभा कुणालाच नसते, तिथे तो होतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात वैद्यकीय उपचार नाकारणाऱ्या एका पंथाचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पंथात बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांचं प्रमाण राज्यातल्या इतर बायकांच्या सुमारे ९० पट निघालं. राज्य तेच, दवाखानेही तेच. फक्त पायरी चढायची नव्हती.

म्हणून सातव्या महिन्यातच दोन माणसं ठरवा. एक बाळंतीण स्वतः, दुसरं तिच्या विश्वासातलं कुणीतरी. दोघांपैकी एकाने ‘निघा’ म्हटलं की चर्चा बंद, गाडी सुरू. हे कागदावर लिहा, घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. तिचं मन मात्र एकटीला गाठून विचारा. दहा जणांसमोर ती ‘हो’च म्हणेल. दवाखान्यापर्यंतचा रस्ता एकदा रात्री जाऊन मोजा. अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, तर आमच्या मते घरी बाळंतपणाचा विचारच नको.

बाळ पायाळू किंवा आडवं असेल, जुळं असेल, आधी सिझेरियन झालेलं असेल, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर असेल, ३७ आठवडे भरलेले नसतील, तर घरी थांबू नका. वार (प्लॅसेंटा) गर्भपिशवीच्या तोंडावर आली असेल, तरीही नाही. आणि ते सोनोग्राफीशिवाय नीट कळत नाही. तपासण्याही नाकारल्या, तर आपण कशाला सामोरे जातोय हेच ठाऊक नसतं.

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे रक्तस्राव. दिवस भरल्यावर गर्भपिशवीकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जात असतं. वार सुटल्यावर पिशवी घट्ट आवळली गेली, तरच उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या बंद होतात. बेंबीच्या आसपास हात ठेवून पाहा: कडक चेंडू लागला तर ठीक, मऊ लागली किंवा हाताला सापडतच नसेल तर धोका. रक्त किती गेलं हे अंदाजाने कधीच सांगू नका, तो हमखास कमी निघतो. कोरे पॅड आणि कापडं आधी वजन करून ठेवा, भिजल्यावर पुन्हा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. ५०० मिली भरायची वाट पाहू नका. ३०० झालं आणि धार थांबत नसेल, तर निघा.

गरोदरपणात अंगात रक्त जास्त असतं, त्यामुळे लिटरभर जाईपर्यंत रक्तदाब टिकू शकतो. ‘बोलतेय ना, मग ठीक आहे’ म्हणेपर्यंत ती कोसळते. गाडी येईस्तोवर पोटावरून पिशवी गोल गोल चोळा, तिला लघवी करू द्या, बाळाला छातीशी लावा. नाळ ओढू नका. वार अर्ध्या तासात पडली नाही, तर रक्त जात नसलं तरी निघा. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत द्यावं लागतं, आणि दर १५ मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा साधारण १० टक्क्यांनी घटतो.

अडलेल्या बाळंतपणात कळा अचानक थांबतात आणि घरच्यांना वाटतं, आराम पडला. पोटाचा आकार बदलला, दुखणं सलग झालं, नाडी बारीक आणि जलद झाली, तर पिशवी फाटलेली असू शकते. पहिलटकरणीने जोर लावायला लागून ३ तास, दुसऱ्या खेपेला २ तास झाले की थांबणं नको. बाळाचं डोकं तासन्‌तास अडकलं तर मूत्राशयाला भोक पडून कायम लघवी गळत राहू शकते.

पाणमोट फुटून १८ तास झाले, ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, पाणी हिरवट किंवा घाण वासाचं आलं, तर निघा. नाळ बाहेर दिसली तर ती आत ढकलू नका. गुडघे आणि छाती टेकवून, कंबर उंच ठेवून तिला तसंच न्या. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली कळ, ही झटक्यांची (फिट येण्याची) पूर्वसूचना. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंतही. झटका आलाच तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.

बाळ रडलं नाही तर पुसून कोरडं करा, पाठ चोळा. मिनिटभरात श्वास आला नाही, तर बॅग-मास्कने (तोंडा-नाकावर बसवून हवा देणाऱ्या पिशवीने) श्वास द्यावा लागतो. तो चालवता येणारं माणूस नसेल, तर घरी बाळंतपण नकोच. पुढे मिनिटाला ६० हून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, दूध न पिणं, २४ तासांच्या आत कावीळ, यांपैकी एकही दिसलं तर बाळ दाखवा.

दवाखान्यात पोचल्यावर कळा कधी सुरू झाल्या, पाणी कधी गेलं, काय काय पाजलं, रक्त किती गेलं, खरं सांगा. संकोचापोटी बारा तासांचे चार तास केले, तर डॉक्टर चार तासांच्या हिशेबानेच चालतील.