पॉन्टून घ्यायची तर आधी माणसं मोजा

यंदा जळगाव, भुसावळ, शिरपूरकडून इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात आलेल्या तीन घरांनी मला एकच विचारलं: घरच्यांना घेऊन तळ्यावर जायला कोणती पॉन्टून, म्हणजे पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट बोट, घेऊ, दोन नळ्यांची २० फुटी की तीन नळ्यांची २२ फुटी? प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आपण तापीकाठची माणसं खरी, पण पाणी पाहिलं ते पुलावरून, नाहीतर हतनूर धरणावर उभं राहून. पोहता येणारे थोडेच. म्हणून पॉन्टून बरी. सपाट डेक, चहूबाजूंनी कठडा, म्हातारी माणसं सरळ चालत आत येतात. ही बोट इथलीच. १९५२ साली अँब्रोझ वीरेस नावाच्या इथल्या शेतकऱ्याने लोखंडी पिंपांच्या दोन रांगांवर लाकडी माच बसवून ती केली.

तुम्ही घरात चौघं असाल, पण जून उजाडला की आई-आबा येतात, मागोमाग सासू-सासरे. बोटीवर एक पाटी असते, त्यावर किती माणसं आणि किती पौंड हे लिहिलेलं असतं. पौंडांचा आकडा नीट वाचा. कूलर आणि भरिताचं पातेलंही त्यातच धरायचं.

पहिल्या वर्षी आम्ही दोन नळ्यांची बोट भाड्याने घेतली. नऊ जण होतो, पाटीवरच्या आकड्यात बसत होतो. लून पक्षी दिसला म्हणून सगळे एकदम पुढच्या फाटकाशी धावले. बोटीचं नाक खाली गेलं आणि थंडगार पाणी डेकवरून थेट आईच्या पावलांपर्यंत आलं. तिच्या मांडीवर माझी तीन वर्षांची लेक होती. "मागे व्हा!" म्हणून मी ओरडलो तो आवाज मला अजून आठवतो. वजन पाटीवरच्या आकड्यातच होतं, पण सगळं एका टोकाला गेलं होतं.

मधला तिसरा नळा असला की बोट जास्त वजन पेलते आणि लाटेत कमी डुलते. मिल लॅक्ससारख्या उथळ, मोकळ्या तळ्यावर वारा सुटला की लाटा बघता बघता उंचावतात. तिथे जायचं तर तीनच नळे. पण मग मोटर ११५ हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठी, पेट्रोल जास्त, ट्रेलर जड आणि तो ओढायला तशीच दणकट गाडी. घराजवळच्या लहान तळ्यावर संध्याकाळची चक्कर मारायला दोन नळे आणि ५०-६० ची मोटर पुरते.

माझं मत विचाराल तर पहिली बोट दोन नळ्यांची घ्या, तीही वापरलेली. इथे बोटीचा मोसम पाच महिन्यांचा. बाकी दिवस बोट झाकून ठेवायची, त्याचा खर्च वेगळा. मात्र आई-आबा दर उन्हाळ्यात येणार असतील आणि माणसं नेहमीच आठाच्या वर जाणार असतील, तर तिसऱ्या नळ्यासाठी खुशाल पैसे मोजा.

बोट चालू असताना फाटकाच्या पुढे कुणालाही बसू देऊ नका. तिथून पडलेलं माणूस बोटीखालून मोटरच्या पंख्याकडेच जातं. दहा वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट इथल्या कायद्याने सक्तीचं आहे. मी आईलाही घालतो. लुगड्यावरून पट्टा बसेना, तेव्हा एक माप मोठं आणलं.

वांगी घरीच भाजून, भरीत करून न्या, कळण्याच्या भाकरी फडक्यात बांधा. डेकवर जाळ नको. आणि सौदा ठरवण्याआधी थोडा वारा असलेल्या दिवशी घरच्या सगळ्यांना बसवून एक फेरी मारा. परतल्यावर आधी आईला विचारा, कुठे बसून बरं वाटलं.