एक गिरणी, तीन वाचने : अभिजात समाजशास्त्रीय सिद्धान्त कसा अभ्यासावा

समाजशास्त्राच्या पदवी परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी बहुधा ऑगस्त कॉम्तपासून सुरुवात करतो, मानवी विचाराच्या तीन अवस्था पाठ करतो आणि मार्क्स, डरखाईम, वेबर यांच्यापर्यंत पोहोचता पोहोचता थकतो. व्याख्या तोंडपाठ असतात, पण डरखाईमला श्रमविभागणीवर एवढा मोठा ग्रंथ लिहावासा का वाटला, हे विचारले की उत्तर येत नाही. म्हणून विचारवंतांची नावे बाजूला ठेवून त्यांच्यासमोरचा प्रश्न आधी वहीत लिहावा : गाव, जात, धर्म आणि घराणे यांनी बांधलेला माणूस गिरणीच्या भोंग्यावर उठू लागला, की समाज कशाच्या आधारावर टिकतो? सोलापुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. तेलंगणातून येऊन पूर्व भागात स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तो आजोबांना विचारता येतो.

कॉम्तसाठी एक संध्याकाळ पुरे. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर विस्कटलेल्या समाजाची घडी निरीक्षणावर आधारलेल्या शास्त्राने बसवता येईल, असे त्याला वाटत होते आणि १८३८ च्या सुमारास त्याने या शास्त्राला ‘समाजशास्त्र’ हे नाव दिले, एवढे लक्षात असू द्यावे. इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सर तर माझ्या मते डरखाईमच्या टीकेतूनच वाचावा. करारावर समाज उभा राहतो हे त्याचे म्हणणे तेथे जितके स्पष्ट होते, तितके ते स्वतंत्र टिपणांतून होत नाही.

मार्क्सला मात्र वेळ द्यावा. ‘कॅपिटल’चा पहिला खंड १८६७ चा आणि जाडजूड आहे, तो पहिल्या पानापासून वाचायला घेणारे बहुतेक जण वस्तू आणि मूल्य यांच्या प्रकरणातच अडकतात. त्याऐवजी कामाचा दिवस आणि नगावरची मजुरी ही प्रकरणे आधी वाचावीत. कारखान्यातून पान-तंबाखू घरी आणून हजारावर विड्या वळणाऱ्या बाईचे काम आपल्याकडे अनेकांनी जवळून पाहिले आहे. तिच्यावर मुकादमाची नजर नसते, तरी तिचा हात थांबत नाही, कारण मजुरी नगावर असते. आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे श्रम तिच्याच पदरी पडतात. नगावरच्या मजुरीत देखरेखीचे बरेचसे काम मजुरीची पद्धतच करते आणि दर्जाच्या नावाखाली मजुरी कापायला वाव मिळतो, हे मार्क्सने नेमके याच प्रकरणात मांडले आहे. एवढे उमगले की वरकड मूल्य, म्हणजे कामगाराने निर्माण केलेले पण मजुरीत त्याला न मिळालेले मूल्य, ही संकल्पना पाठ करावी लागत नाही.

डरखाईमचा श्रमविभागणीवरचा ग्रंथ १८९३ चा. सारखेपणातून येणारे यांत्रिक ऐक्य आणि परस्परावलंबनातून येणारे सेंद्रिय ऐक्य हा भेद सर्वांना ठाऊक असतो. सुटते ती त्याची युक्ती. ऐक्य डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याने कायदा मोजमापासाठी घेतला आणि शिक्षा देणारा कायदा किती व नुकसान भरून देणारा कायदा किती, यावरून ऐक्याचा प्रकार ओळखला. ही युक्ती समजली की ‘सामाजिक तथ्य’ (व्यक्तीच्या बाहेर असून तिच्यावर बंधन घालणाऱ्या रीती) आणि १८९७ चा आत्महत्येवरील अभ्यास एका धाग्यात येतात. त्याचा १९१२ चा धर्मविषयक ग्रंथ संक्रांतीच्या आसपास हाती घ्यावा. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) निघतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, तेव्हा गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला जे भरून येते, त्याला डरखाईमचा सामूहिक उन्मेष (एकत्र जमल्याने उसळणारी भावना) हा शब्द लावून पाहावा, आणि मग मानकऱ्यांचा क्रम त्या शब्दात मावतो का, हेही तपासावे. (त्या ग्रंथात ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या माहितीसाठी येणारा स्पेन्सर हा बाल्डविन, हर्बर्ट नव्हे, ही गल्लत उत्तरपत्रिकांत वरचेवर दिसते.)

वेबरबाबत एकच सावधगिरी. प्रोटेस्टंट नीतीवरील त्याचे १९०४-०५ चे निबंध ‘धर्माने भांडवलशाही जन्माला घातली’ असे म्हणत नाहीत. विशिष्ट धार्मिक शिस्त आणि आधुनिक भांडवलशाहीची वृत्ती यांचे सूत कसे जुळले, एवढाच त्यांचा दावा आहे. भारताविषयीचे त्याचे लेखन मात्र भाषांतरित ग्रंथ आणि जनगणना अहवाल यांवर आधारलेले आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावे.

यानंतर पुढील सराव करावा. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये व्यवस्थापनाने बंद केली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला. एका भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात दिलेले आव्हान त्याच वर्षी डिसेंबरात फेटाळले गेले. ही एकच घटना तीन स्वतंत्र पानांवर लिहावी. मार्क्सच्या पानावर गिरणीला टाळे लावण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि श्रमाखेरीज विकायला काहीच नसलेल्यांचे काय झाले, हे यावे. डरखाईमच्या पानावर, भांडवल आणि श्रम यांच्यातील संघर्षाला तो श्रमविभागणीचे विकृत, प्रमाणकशून्य (बांधून ठेवणारे नियमच नसलेले) रूप का म्हणतो, हे यावे. वेबरच्या पानावर वटहुकूम, सरकारने नेमलेले संचालक आणि न्यायालय यांची वैध-विवेकी सत्ता, म्हणजे व्यक्तीवर नव्हे तर लिखित नियमांवर उभी असलेली सत्ता, यावी. प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी मोकळ्या सोडून, उरलेल्या दोघांना दिसलेले पण या एकाच्या नजरेतून निसटलेले काय, ते तेथे लिहावे. गिरणीतल्या कोणत्या खात्यात कोणत्या जातीचे कामगार होते, हा प्रश्न बहुधा याच ओळींत उतरतो.